जाऊन-येऊन

रात्री अकराला मायुमी टेबलावरचे कप बाजूला सरकवते
आणि जपान मांडते.

विमान चौदा हजार, सवलतीतलं,
पहाटे तीनला सुटतं म्हणून स्वस्त.
सहा रात्री, अकराशे पेसोंना एक,
भिंतीतल्या एका खणात.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथे अंथरूणच पायांचं माप घेऊन शिवलेलं.

चोवीस वर्षांची आहे.
लिपाच्या औषधदुकानात दिवसभर उभी राहून
अठ्ठावन्न हजार जमवलेत.
बुलेट ट्रेन लिहिते, खोडते.
रात्रीची बस लिहिते.
बुलेट ट्रेन पुन्हा लिहिते, बारीक अक्षरात,
बारीक लिहिलं की कमी पडेल जणू.

व्हिसासाठी बँकेत शिल्लक दाखवावी लागते.
तिचे धर्मपिता, निनोंग रुफो,
दोन डुकरं विकून चाळीस हजार घेऊन आले.
तीन आठवड्यांपुरते, नुसते दाखवायला.
"हात लावायचा नाही," म्हणाले,
आणि दारातून वळून,
"बघायला हरकत नाही."
आम्ही रोज फोनवर ते पैसे बघतो,
पाहुण्यांच्या लेकराकडे बघावं तसे:
गोड आहे, पण आपलं नाही.

मी तिथे तीन वर्षं होते.
हे तिला माहीत आहे,
जसं आजोबांना मधुमेह होता हे माहीत आहे.
सहाची होती, परत आले तेव्हा नऊची,
आणि मला 'तुम्ही' म्हणाली.

डब्यांचा कारखाना. रात्रपाळी.
पट्ट्यावरून भात सरकत यायचा,
मी प्रत्येक भातावर एक लाल आंबट फळ ठेवायची.
एकच. बरोबर मधोमध.
फुजी पाहिला नाही.
चेरीची फुलं पाहिली, कारखान्याच्या बसमधून, पेंगत.
आमच्या मुकादमीणबाईंचं नाव मायुमी निघालं.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ हळुवार,
त्यांच्यात काय ते विचारायचं राहिलं.
रात्रीतून चाळीस वेळा कुणीतरी पट्ट्यापलीकडून
माझ्या लेकीचं नाव ओरडायचं,
आणि माझं फळ कडेला पडायचं.

हे मी तिला सांगितलेलं नाही.

"आई, जेवणाला दिवसाला नऊशे पुरतील?"
"रात्री आठनंतर दुकानात जा.
डब्यांवर पिवळी चिठ्ठी लावतात, निम्मी किंमत.
चिठ्ठीवाला येईपर्यंत सोयासॉसच्या फळीपाशी थांब,
बाटलीवरचं वाचत असल्यासारखी."
ती माझ्याकडे बघते.
नऊशे खोडून पाचशे करते.
"आणखी?"
"छत्री विकत घेऊ नकोस. स्टेशनात लोक विसरतात."
"आणखी?"
ताकाला आली होती पोर, भांडं लपवून.
मी म्हटलं, झोप आता, सकाळी दुकान आहे.

पहाटे कॉफीचं पाणी ठेवलं. वही उघडीच होती.
सगळ्यात खाली, 'इतर'च्याही खाली, पेन्सिलीने:
आईचा कारखाना. लहान गाडी, एकेरी सहाशे चाळीस येन.
गुणिले दोन.

काय आहे तिथे बघायला?
कुंपण. सायकलींची शेड.
गरम पाण्याच्या यंत्रापाशी एक बाक, तोही असेल की नाही कोण जाणे.
तेवढ्या पैशांत एक वेळचं पोटभर जेवण होईल.

खोडायला पेन घेतलं.
मागे पाणी उकळून उतू गेलं, ते पुसलं,
पुन्हा पेन घेतलं
आणि त्या ओळीपुढे लिहिलं:
जाऊन-येऊन एकदम घे.
ऐंशी येन वाचायचे तेव्हा.